पिकासातली नावं आधी वाचवा, विंडोजला मग हात लावा

काकू, तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना पोटात गोळाच आला, कारण तुमचा भाचा रविवारी येऊन जे करणार म्हणतोय त्याला तासभरही लागत नाही, पण ते झाल्यावर मी काय कोणीच काही करू शकणार नाही. म्हणून आधी एकच सांगतो, रविवारचं रद्द करा. त्याला जेवायला बोलवा, फॉरमॅट करायला नको.

मला नीट कळलंय का ते बघा. २०१२ च्या दिवाळीत घेतलेला असेंबल्ड पीसी, सेकंड जनरेशन आय थ्री, ४ जीबी रॅम, ३२ बिट विंडोज सेव्हन. एकच १ टीबीची हार्ड डिस्क, तिचेच सी आणि डी असे दोन भाग. डीवर अठ्ठावन्न हजार फोटो, सगळे पिकासात, म्हणजे गूगलच्या फोटो लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, लावलेले, त्यात सासरच्या जुन्या अल्बमचे स्कॅन, आणि त्या स्कॅनमधल्या माणसांची नावं तुमच्या सासूबाईंनी शेजारी बसून एकेक करून सांगितलेली. सासूबाई आता नाहीत. पिकासा उघडायला पाच पाच मिनिटं लागतात, मधेच बंद पडतं, आणि भाचा म्हणतो मावशी सी फॉरमॅट करून विंडोज टेन मारतो, डीला हात लावत नाही म्हणजे फोटो सेफ, मग पिकासाचं नवीन व्हर्जन टाकू. तुमचा प्रश्न, नवीन व्हर्जन या मशीनला झेपेल का की नवीन कॉम्प्युटरच घ्यावा.

पहिली गोष्ट, पिकासाचं नवीन व्हर्जन नाहीये. गूगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं आणि १५ मार्च २०१६ पासून डेस्कटॉपवरच्या पिकासाचा सपोर्ट बंद केला, तुमच्याकडे असलेलं ३.९ हेच शेवटचं. नेटवर 'पिकासा लेटेस्ट फुल व्हर्जन' म्हणून जे मिळतं ते एकतर हेच जुनं कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवर चढवलेलं असतं, नाहीतर त्याच्यासोबत भलतंच काहीतरी मशीनमध्ये शिरतं. तेव्हा हे अपग्रेड नाही, हे घर बदलणं आहे, आणि घर बदलताना कपाट उचलायच्या आधी त्यात काय काय आहे ते बघावं लागतं.

दुसरी गोष्ट, जी भाच्याला माहीत नाही, आणि त्याचा दोष नाही कारण मलाही एक घर बिघडवल्यावरच कळली. फोटो डीवर आहेत हे बरोबर. पण तुमची मेहनत सगळी डीवर नाहीये.

आत्ता बसल्या बसल्या एक करून बघा. कुठलंही फोल्डर उघडा, ऑर्गनाइझ मधून फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स, व्ह्यू, आणि 'शो हिडन फाइल्स' ला टिक करा. फोटोंच्या गर्दीत एक फिकट रंगाची छोटीशी फाइल दिसायला लागेल, पिकासा डॉट आयएनआय, नावाच्या आधी एक टिंब. ती नोटपॅडमध्ये उघडा, फक्त बघा, सेव्ह करू नका. चौकोनी कंसात एका फोटोचं नाव असेल, त्याच्याखाली 'स्टार' आणि बरोबरच्या चिन्हापुढे 'येस', म्हणजे त्या फोटोला तुम्ही चांदणी दिलीय. त्याच्याखाली 'रोटेट', म्हणजे आडवा फोटो तुम्ही उभा केलाय. आणि मग 'फेसेस' असं लिहून पुढे अगम्य अक्षरं नि आकडे, साधारण सोळा. त्यातले चार-चारचे चार गट म्हणजे त्या चेहऱ्याभोवतीच्या चौकोनाची डावी, वरची, उजवी आणि खालची कड, आणि स्वल्पविरामानंतर जो आणखी एक लांबलचक आकडा आहे ना, त्या तुमच्या आजेसासूबाई. पिकासाच्या लेखी त्या एक नंबर आहेत, आणि त्या नंबरचं नाव काय याची मुख्य यादी असते सी ड्राइव्हवर, यूजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, गूगल, आणि तिथल्या पिकासाच्या फोल्डरात कॉन्टॅक्ट्स नावाच्या फाइलमध्ये. अल्बम तयार केले असतील तर त्यांचं फोल्डरही त्याच्याच शेजारी. आणि भाचा नेमका तोच सी फॉरमॅट करणार होता. काही वेळा नाव आयएनआयमध्येही लिहिलेलं सापडतं, पण 'काही वेळा' च्या भरवशावर मी सासूबाईंनी सांगितलेली नावं ठेवणार नाही.

माझं सांगतो. ठाण्यात नौपाड्यात वीसेक वर्षं घरगुती कॉम्प्युटर आणि डेटाचंच काम करतोय, आणि २०१७ साली पाचपाखाडीतल्या ओळखीच्या एका घरचा पीसी मी स्वतः फॉरमॅट केला. बॅकअप घेतला होता हो, घेतला नव्हता असं नाही. प्रत्येक फोल्डर उघडायचं, कंट्रोल ए, कॉपी, एक्स्टर्नल डिस्कवर तसंच फोल्डर करून पेस्ट. का तर त्या निमित्ताने फोल्डरांची नावं पण नीट लावून देऊ म्हटलं, नसता शहाणपणा. आता गंमत अशी की अख्खं फोल्डर उचलून कॉपी केलं तर आतल्या हिडन फाइल्स सोबत जातात, पण हिडन फाइल्स दिसत नसताना आत जाऊन कंट्रोल ए केलं तर जे दिसतं तेवढंच सिलेक्ट होतं. फोटो सगळे गेले, आयएनआय एकही गेली नाही, आणि सी तर मी पुसलाच होता. नवीन विंडोज, नवीन सगळं, मोठ्या तोऱ्यात स्क्रीन आजोबांकडे वळवली. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "ही सगळी आडवी का झोपलीत?" पिकासात फिरवलेले फोटो प्रत्यक्षात फिरलेलेच नसतात, फक्त आयएनआयमध्ये नोंद असते आणि दाखवताना पिकासा फिरवून दाखवतं. नावांचं त्यांच्या लक्षात यायला आणखी दोन दिवस लागले, तेव्हा फोन आला. मी पैसे घेतले नाहीत, पण त्याने काय होतंय.

म्हणून तुमच्या बाबतीत क्रम उलटा. आधी पिकासात अडकलेलं सगळं फोटोंच्या पोटात ढकलायचं, मग मशीनचं बघायचं, आणि नवीन सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.

त्याच्याही आधी डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून नुसतं उघडलं की डिस्क निळी, पिवळी का लाल ते दिसतं. २०१२ ची डिस्क आहे काकू, तिचं वय झालंय, आणि पिकासा पाच मिनिटं घेतंय त्यात सगळा दोष पिकासाचा असेलच असं नाही. पिवळं दिसलं, म्हणजे रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरपुढे, थोडक्यात डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदीपुढे, शून्याऐवजी काही आकडा आलाय, तर बाकी सगळं सोडून फक्त कॉपी करायची, दुसरं काही करायचं नाही, डीफ्रॅग तर अजिबात नाही.

कॉपी दोन. दोन वेगळ्या एक्स्टर्नल डिस्क, त्यातली एक कॉपी झाल्यावर घरात ठेवायची नाही, नेरूळला मुलाकडे देऊन या. अख्खा डी, आणि सीवरचं ते गूगलचं फोल्डर पण. ड्रॅग करून नको, भाच्याला म्हणावं रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड वापर, ते विंडोज सेव्हनमध्ये आधीपासूनच असतं, हिडन फाइल्स घेतं आणि शेवटी तक्ता देतं, एकूण किती, कॉपी किती, फेल्ड किती. फेल्डच्या खाली शून्य पाहिजे. फक्त त्यात 'मिर' नावाचा एक स्विच आहे तो वापरू नको म्हणावं, कारण तो समोरच्या डिस्कवर असलेलं जास्तीचं सगळं उडवतो, आणि सोर्स कुठला नि डेस्टिनेशन कुठलं यात एकदा गल्लत झाली की संपलं. पोरांना नेटवरची कमांड जशीच्या तशी चिकटवायची सवय असते.

आता पिकासातलं काम. हे डीवरच्या फोटोंवर लगेच करायचं नाही. एक छोटं फोल्डर निवडा, तुम्ही शोभायात्रेचं म्हणालात ना, गुढीपाडव्याचं, तलावपाळीवरचं, शंभर-दीडशे फोटो असतील, ते डीवरच 'टेस्ट' नावाने कॉपी करा आणि पिकासाला ते दाखवा. त्यावर सगळं करून बघायचं, जमलं की मग अठ्ठावन्न हजारांवर.

सुरुवात फिरवलेल्या आणि सुधारलेल्या फोटोंपासून. फोल्डरच्या नावाच्या ओळीत सेव्हची फ्लॉपी असते, ती दाबली की पिकासा तुमचे बदल खरोखर फोटोत उतरवतं आणि मूळ फोटो त्याच फोल्डरात 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या हिडन फोल्डरात ठेवतं. म्हणजे डिस्कवर जागा लागणार, डी गच्च भरलेला असेल तर आधी जागा करा. हे नावांच्या आधी का, तर फोटो क्रॉप केला की चेहऱ्याची जागा बदलते, आधी फोटो अंतिम होऊ दे, मग त्याच्यावर नाव.

मग चांदण्या. चांदणी फक्त पिकासाला कळते, बाकी कुठल्या सॉफ्टवेअरने ती वाचावी अशी अपेक्षाच नको. पण टॅग, म्हणजे कीवर्ड, ते पिकासा जेपेगच्या आत लिहितं. मग साधी युक्ती, वर फिल्टरमध्ये चांदणीवर क्लिक करून सगळे चांदणीवाले फोटो गोळा करायचे, सगळे सिलेक्ट, कंट्रोल टी, आणि 'आवडते' असा टॅग द्यायचा, झालं. अल्बमचंही तसंच, पिकासातला अल्बम हे खरं फोल्डर नसतं, नुसती यादी असते, म्हणून अल्बम उघडायचा, सगळं सिलेक्ट करायचं आणि अल्बमच्या नावाचा टॅग चिकटवायचा. तुमचे वीस-पंचवीस अल्बम असतील तर एका दुपारचं काम. कॅप्शनची काळजी तितकीशी नको, जेपेगवर लिहिलेली कॅप्शन पिकासा फोटोतच ठेवतं, पण स्कॅन टिफमध्ये किंवा पीएनजीमध्ये केले असतील तर ते नाही, त्यांची एकदा जेपेग कॉपी काढून घ्या आणि कॅप्शन तिच्यात आलीय का बघा.

आणि आता मुख्य, चेहऱ्यांची नावं. टूल्स, ऑप्शन्स, नेम टॅग्ज, तिथे नावं फोटोत साठवायचा एक चौकोन आहे, त्याला टिक. ती टिक इथून पुढे दिलेल्या नावांसाठी. आधीच दिलेल्या हजारो नावांसाठी टूल्सच्याच मेनूत एक्सपेरिमेंटल म्हणून आहे, त्याच्यात फेसेस एक्सएमपीमध्ये लिहायचा पर्याय. एक्सएमपी म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच असलेली चिठ्ठी समजा, लग्नाच्या फोटोमागे पेन्सिलीने 'डावीकडून तिसरी माई' असं लिहायचे ना तसं. तो पर्याय दाबला की पिकासा प्रत्येक फोटो उघडून ही चिठ्ठी आत सरकवत जातं. तुमच्या मशीनवर याला रात्र लागेल, कदाचित दोन, बंद पडलंय असं वाटेल, डिस्कचा लाल दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. आणि हे यूपीएसवर करा, यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर आधी ती बदला, कारण फोटो लिहिता लिहिता लाइट गेली तर तो अर्धवट लिहिलेला फोटो गेला. पावसाळा तोंडावर असेल तर आपल्याकडे पहिल्या सरीला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

एक दुष्परिणाम सांगून ठेवतो. फाइलमध्ये काही लिहिलं की तिची मॉडिफाइड तारीख आजची होते. कॅमेऱ्याच्या फोटोंना फरक पडत नाही, त्यांच्या आत खरी तारीख असते, पण स्कॅनच्या आत जुन्या काळची तारीख नसतेच, त्यामुळे नवीन सॉफ्टवेअरमध्ये सासऱ्यांची मुंज या महिन्यात झालेली दिसेल. स्कॅनच्या फोल्डरांच्या नावात सुरुवातीलाच साल घाला, १९५६ मुंज, १९६१ लग्न असं, अंदाजे असलं तरी चालेल. फोल्डरची नावं मराठीत चालतात, काही होत नाही, फक्त फार लांबवू नका, विंडोजला सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांच्या आत लागतो आणि एकात एक चार फोल्डर असले की ते कधी संपतात कळत नाही.

टेस्ट फोल्डरचं हे सगळं झालं की ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जिथे पिकासा नाहीये तिथे, उघडून बघायचं. एक्सएनव्ह्यू एमपी घरगुती वापराला फुकट आहे, हलकं आहे, त्यात फोटोच्या माहितीचे टॅब असतात. टॅग दिसतायत का, कॅप्शन मराठीत नीट दिसतेय का का नुसते प्रश्नचिन्हं, फोटो उभे आहेत का, एक्सएमपीच्या टॅबमध्ये माणसाचं नाव सापडतंय का.

आता मशीन. इथे तुम्हाला वाटतंय तेवढी वाईट परिस्थिती नाहीये. सेकंड जनरेशन आय थ्री फोटो बघायला, टॅग करायला अजून पुरतो. अडतंय ते डिस्क आणि रॅमपाशी. फोटो सॉफ्टवेअरचं काम म्हणजे हजारो बारीक बारीक थंबनेल आणि डेटाबेसच्या नोंदी इकडून तिकडून वेचणं, आणि फिरत्या डिस्कला प्रत्येक वेळी सुई हलवून तिथे जावं लागतं, सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा फार तर. एसएसडीला, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, सुईच नाही. २४० किंवा ५०० जीबीची साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, भारीतली नको, कारण तुमचा मदरबोर्ड बहुधा एच ६१ चा असणार, त्या काळात सगळे तोच घालायचे, आणि त्याचे साटा पोर्ट जुन्या ३ गिगाबिटचे, एसएसडीच्या डब्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असलं तरी तुम्हाला अडीचशे-पावणेतीनशे मिळणार. तरी फरक बघून तुम्हीच म्हणाल आधी का नाही केलं.

रॅम ८ करा. पण ३२ बिट विंडोजवर ८ टाकून उपयोग नाही, ते सव्वातीन-साडेतीनच्या पुढे वापरतच नाही, ६४ बिटच लागणार, आणि ३२ वरून ६४ वर विंडोज अपग्रेड होत नाही, नव्यानेच टाकावं लागतं. म्हणजे भाच्याचं त्या बाबतीत बरोबर होतं, त्याला सांगा. एच ६१ ला रॅमचे दोनच स्लॉट असतात, डेस्कटॉपची डीडीआर थ्री लागते, आता नवीन फारशी कोणी ठेवत नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुनी चांगली मिळते. जाताना आत्ताची पट्टी काढून सोबत न्या, दुकानदाराला तोंडी सांगितलं की तो हमखास लॅपटॉपची देतो.

आणि फॉरमॅट करायचंच नाही, ही माझी खरी युक्ती. जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची, नवीन एसएसडी लावायची, त्या एकट्या एसएसडीवर ६४ बिट विंडोज टाकायचं, सगळं सुरळीत चाललं की मग जुनी डिस्क परत जोडायची. फोटोंचा डी आपोआप दिसतो, अक्षर बदललं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून परत डी करायचं. जुनं विंडोज सेव्हन आणि त्यातलं पिकासा तसंच्या तसं झोपलेलं राहतं, काही राहून गेलंय असं सहा महिन्यांनी लक्षात आलं तर बायोसमधून, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमधून, जुन्या डिस्कवरून चालू करून बघता येतं. फक्त तेव्हा नेटची वायर काढा, विंडोज सेव्हनला १४ जानेवारी २०२० नंतर सिक्युरिटी अपडेट मिळालेले नाहीत.

विंडोज कुठलं, यात थोडी पंचाईत आहे. अकरा तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, त्याला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुगाड करून टाकणारे आहेत, मी घरच्या फोटोंच्या मशीनवर जुगाड करत नाही. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती मशीनला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेटची मुदतवाढ आहे. भाच्याला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमची, आवड असेल आणि तो अधूनमधून येऊन बघणार असेल तर लिनक्स मिंट टाका, मी पुढे सांगतोय ते डिजीकॅम नावाचं फोटो सॉफ्टवेअर त्यावरही चालतं. नसेल तर विंडोज टेन टाका आणि बँकेची कामं त्या मशीनवर करू नका, ती मोबाइलवर होतातच. दोनेक वर्षांनी आठव्या जनरेशनचा एखादा जुना ऑफिसमधला पीसी घेतलात तरी हीच डिस्क उचलून त्यात लावायची. नावं फोटोत गेली ना, की मशीन कुठलं याला महत्त्व राहत नाही.

सॉफ्टवेअर डिजीकॅम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि अजून अपडेट येतात. दिसायला पिकासाइतकं गोड नाही हे आधीच सांगतो, पहिले आठ दिवस तुम्ही मला शिव्या द्याल. पण ते पिकासाने फोटोत लिहिलेली चेहऱ्यांची नावं चौकोनासकट वाचतं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. फोटोशॉप एलिमेंट्सबद्दल तुम्ही विचारलंत, ते चांगलं आहे पण नवीन व्हर्जनला ८ जीबी रॅम आणि इंटेलची सहावी जनरेशन लागते, तुमचं मशीन तिथेच बाद, शिवाय २०२५ च्या व्हर्जनपासून लायसन्स तीन वर्षांचंच. लाइटरूम तर तुमच्या कामाचंच नाही, दर महिन्याला पैसे. गूगल फोटोजवर सगळं टाका असं मुलगा म्हणतोय, तर हिशोब करा, फोटो सरासरी ३ एमबीचा धरला तरी अठ्ठावन्न हजारांचे पावणेदोनशे जीबी होतात आणि फुकट मिळतात १५. एक कॉपी म्हणून विकत जागा घेऊन ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण नावं लावायची जागा म्हणून नको.

डिजीकॅम पहिल्यांदा उघडलं की ते प्रश्न विचारतं, तिथे घाईघाईत नेक्स्ट नेक्स्ट करू नका. फोटो कुठे आहेत म्हणून विचारेल, तिथे डी. डेटाबेस कुठे ठेवू म्हणून विचारेल, तिथे सीवरचं म्हणजे एसएसडीवरचं फोल्डर, डी नको. सगळा वेग याच एका उत्तरावर आहे, फोटो फिरत्या डिस्कवर राहिले तरी चालतात, डेटाबेस आणि थंबनेल एसएसडीवर पाहिजेत. मग माहिती फोटोत लिहू का म्हणून विचारेल, हो म्हणा, नाहीतर आज पिकासात अडकलात तसे दहा वर्षांनी डिजीकॅममध्ये अडकाल. चेहरे ओळखायचं मॉडेल डाउनलोड करू का म्हणेल, काही शे एमबी असतं, घेऊन ठेवा पण लगेच चालवू नका. पहिली रात्र फक्त फोटो वाचायला द्या. चेहरे शोधायचं काम नंतर, एकेका फोल्डरवर, आणि 'सगळे प्रोसेसर कोर वापरा' अशी टिक असते ती काढून, नाहीतर मशीन इतकं गुदमरतं की माउस हलत नाही आणि माणूस घाबरून पॉवरचं बटण दाबतो.

डिजीकॅममध्ये अल्बम म्हणजे खरं फोल्डर, हे पिकासाच्या उलट. तिथे अल्बम डिलीट केला तर फोटो खरंच जातात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कचरापेटीत जातात, विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये नाही, तेव्हा चुकून काही उडालं तर तिथे शोधा.

आणि नेरूळच्या मुलाच्या आयफोनवरून आलेले फोटो पिकासात दिसत नाहीत म्हणालात ना, ते हेइक फॉर्मॅटचे. आयफोन २०१७ पासून तसे काढतो आणि पिकासा २०१६ लाच थांबलं, दिसणार कसे. डिजीकॅममध्ये दिसतील. तरी मुलाला म्हणावं सेटिंग्ज, कॅमेरा, फॉर्मॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' कर, म्हणजे जेपेगच येतील. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नको म्हणावं, व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला की फोटो बारीक होतो आणि आतली तारीख नि जागा पण जाते.

तर आता तुम्ही फक्त टेस्ट फोल्डरपर्यंत करा, बाकी कशाला हात नको. त्यात शोभायात्रेसोबत सासूबाईंनी नावं सांगितलेले चार-पाच जुने ग्रुप फोटो पण घाला, शक्यतो असा एखादा की ज्यात दहा-बारा माणसं आहेत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर दहाच्या दहा नावं दिसली तर मला कळवा, पुढचं एका शनिवारी मी आणि भाचा मिळून करू. एक जरी नाव कमी आलं तर ते नाव कोणाचं आणि तो फोटो जेपेग आहे का टिफ एवढं लिहून पाठवा, आणि तोवर तो पीसी जसा आहे तसा बंद करून ठेवा.